काळी पाच

१५ नोव्हेंबर १९६४

मास्तरांनीच घात केला! दुसऱ्या कुणी नाही – आकाराम मास्तरांनी!

आज सांगलीला गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी. माझी पट्टी काळी चार. दहा वर्षांची होते तेव्हापासून त्याच सुरात गाते, आणि पेटीवर कायम मास्तर. आज त्यांनी एक सूर वरची काळी पाच धरली. सूर चढा वाटला, पण रेडिओवाल्यांचं यंत्र चालू झालेलं, थांबता येईना. मुखडा कसाबसा गेला. अंतऱ्याला वर गेले आणि आवाज फाटला. कोंबडं आरवावं तसा! सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पहिला नंबर फलटणच्या अंजनाचा. ती जीपमधून आली होती, स्वतःची पेटी आणि स्वतःचा वाजवणारा घेऊन. आम्ही एस.टी.नं गेलेलो, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या पेटीवर भागवलं.

१६ नोव्हेंबर

तबलजी कोंडीबाला गाठून विचारलं. "व्हय, काळी पाचच वाजत हुती. मला तबला ठोकून वर घ्यावा लागला."

तडक मास्तरांच्या घरी गेले. म्हणाले, "पोरी, मी काळी चारच धरली हुती. देवाशपथ."

"मग सूर वर कसा गेला?"

"त्येच मला बी कळंना झालंय."

कळेना म्हणे! उभा जन्म पेटी वाजवण्यात गेला यांचा. खाली मान घालून बसले होते. चोराच्या मनात चांदणं!

२९ नोव्हेंबर

रेडिओवर लागली स्पर्धा. आण्णा आईला म्हणत होते, तेवढा तुकडा कापतील. कापला नाही. पंचायतीच्या कर्ण्यावर सगळ्या मलकापूरनं ऐकला. आण्णा उठून बाहेर गेले.

३ डिसेंबर

विहिरीवर पोरी माझा तो आवाज काढून दाखवतात. काढा!

१७ जानेवारी १९६५

आता कळलं! अंजनाची सोयरीक ठरली. कुणाशी? मास्तरांच्या थोरल्या मुलाशी! आई म्हणाली, "बोलनी दिवाळीपासनंच चालली हुती म्हनं."

दिवाळीपासून. म्हणजे स्पर्धेच्या आधीपासून. सून पहिली यावी म्हणून माझा केसानं गळा कापला. आणि मी त्यांच्या पाया पडून गायला बसले होते.

फेडीन. या पानावर लिहून ठेवते, फेडीन.

२ फेब्रुवारी

विट्याचे पाहुणे बघायला आले होते. मुलाची आत्या म्हणाली, "रेडिओवरची ती हीच न्हवं?" पोहे खाल्ले आणि गेले.

२१ फेब्रुवारी

गाणं बंद. आजपासून पेटी शिकते आहे. धोंडिराम शिंपी भजनात वाजवतो, तो शिकवायला तयार झाला. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "गानं सोडलंस, आन् आता बाईमानसानं भाता हलवायचा? कोन करनार गं तुला?"

कुणी नको करू दे. गाणाऱ्याचा गळा पेटीवाल्याच्या हातात असतो, हे मला सांगलीत चांगलं कळलं. आईला यातलं काही सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर

लढाईमुळं यंदा स्पर्धा नाही. हरकत नाही. राग लोणच्यासारखा मुरतो. बोटं बरी चालायला लागली आहेत.

६ मार्च १९६६

मास्तरांनी पेटी वाजवायचं सोडलं म्हणे. त्या दिवसापासून एका कार्यक्रमाला बसले नाहीत. लोक हळहळतात. मी नाही.

२८ ऑगस्ट

आता मला बोलावणी येतात. कराड, उंब्रज, मसूर. आधी लोक पेटीवर बाई बघायला येतात, मग ऐकत बसतात. परवा एक म्हातारा म्हणाला, "लय गोड हात हाय पोरीचा!" गळा गोड होता आजोबा, तो ऐकायला हवा होता.

९ ऑक्टोबर

अंजना आली होती! आमच्या घरी! स्वतःच्या पायानं!

कडेवर पोर. माझ्याहून लहान, तरी मला ताई म्हणते. "आवं शालूताई, यंदा परत स्पर्धा हाय. पयली येईल तिला पुण्याला न्हेनार, रेकॉर्ड काढनार. माझा वाजवनारा कारखान्यात लागला, पेटी म्हायेरीच ऱ्हायली. मामंजी म्हनले, शालूगत हात आपल्या भागात दुसरा न्हाई, तिलाच इचार."

मामंजी म्हणाले!

मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझी पट्टी काळी चारच, तुमच्यावानी. पर बाळतपनापासनं गळा वर जाईना झालाय. जरा सांभाळून घ्या."

म्हटलं, "बसा, चहा टाकते." चहात साखर जरा जास्तच पडली. आनंदानं!

जाता जाता म्हणाली, "तुमी गायचं का वो सोडलंत? मी त्या दिवशी पडद्यामागनं ऐकत हुते. वाटलं, आता आपला नंबर ग्येला." असलं गोड बोलणं मला नको. त्या सासऱ्याकडूनच शिकली असेल.

३० ऑक्टोबर

रोज तालीम. मी इमानानं काळी चार धरते. छान गाते मेली. पण वर जाताना मानेची शीर ताठते, ते मी बघून ठेवलं आहे. एक काळी वर नेली तर फुटणार. नक्की फुटणार.

पोर माझ्या मांडीवर झोपतं तालमीच्या वेळी. मुद्दाम माझ्याकडे देते की काय कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

झालं! फेडलं!

तोच हॉल, तीच मंडळाची पेटी. मास्तर पहिल्या रांगेत, मांडीवर नातू. मी काळी पाच धरली. मुखडा झाला. अंजनानं एकदा माझ्याकडे बघितलं, सूर चढलाय हे तिला कळलं. मी भाता हलवत राहिले. अंतऱ्याला ती वर गेली आणि आवाज फाटला. माझा फाटला तसाच! हॉल तसाच हसला. पोर दचकून रडायला लागलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते मी पोटभर बघितलं.

येताना एस.टी.त अंजना खिडकीशी बसली होती. "तुमी नगा वाईट वाटून घिऊ ताई. माझाच गळा ग्येला." कराडला उतरताना मास्तर एवढंच म्हणाले, "हात चांगला तयार झालाय तुझा."

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

१४ नोव्हेंबर

काल एक लिहायचं टाळलं.

अंजना गायला बसण्याआधी मी मंडळाच्या पेटीवर काळी चार दाबून बघितली. वाजली काळी पाच. दोन-दोनदा दाबली, तेच. मंडळाचा माणूस हसत आला. म्हणाला, "ही सरकत्या पट्टीची पेटी आहे, ताई. आधीचा वाजवणारा पट्टी सरकवून सूर बदलतो आणि तशीच ठेवून जातो. गावाकडच्या वाजवणाऱ्यांनी असली पेटी बघितलेली नसते, त्यांना पत्ताच लागत नाही. पहिल्या वर्षापासून हाच घोळ." त्यानं बाजूची खुंटी ओढली आणि सगळे सूर जागच्या जागी आणले.

म्हणजे मास्तरांनी काळी चारच धरली होती.

हे मला कळल्यावर मग अंजना येऊन माझ्या शेजारी बसली. विचार करायला भरपूर वेळ होता. आणि मी काळी पाच दाबली.