जित्या दुधाचा मळा

मी, रायशा, अघालीची मुलगी, राहणार तिमिया, आयरचा डोंगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता, सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने आत्ताच येऊन वाद घालून पाहावा.

बकऱ्या आणि उंटिणींची वाटणी मौलवीसाहेबांनी शरियतप्रमाणे करावी. पांढरी उंटीण मात्र माझा मुलगा ओखा याच्याच वाट्याला यावी. तीही कोणाचे ऐकत नाही.

माझा तंबू, त्याच्या चटया आणि एकतारी इमझाद मुलगी मेन्नाता हिला. ती वाजवते तेव्हा पुरुष गप्प बसतात; मला ते बोलूनही जमले नाही.

खजुरीचा मळा माझ्या मालकीचा नाही, सबब तो मी कोणाला देत नाही. आमच्यात त्याला जिते दूध म्हणतात. तो आईकडून लेकींकडे येतो. विकायचा नाही, वाटायचा नाही. लेक विधवा झाली, नवरा सोडून आली, तरी तिच्या पोरांच्या तोंडात खजूर पडावा, एवढ्यासाठी तो आहे. जी तो सांभाळते ती घराण्याची कर्ती. माझ्यामागे कोण, हे लिहिण्याआधी मोठ्या दुष्काळातली हकीकत नोंदवणे भाग आहे.

त्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ सिदी, वस्तीचा मुखिया, याने अगादेझ शहरातल्या एका व्यापाऱ्याला मळा विकायचा शब्द दिला. ओखाही त्याला सामील. मला कळले ते व्यापारी मोजणीला आल्यावर.

"अक्का, जनावरं मरताहेत," सिदी म्हणाला. "मळा जाईल, पण माणसं तरी जगतील."

"आणि पुढच्या दुष्काळात काय विकशील? मला?"

"तुला कोण घेईल!"

हसू आले, पण मी बायकांना निरोप धाडला. आमच्यात तंबू बाईचा असतो. दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापले तंबू उतरवून गाढवांवर लादले आणि मळ्यात नेऊन ठोकले. मागे उघड्यावर उरले ते मुंडाशी बांधलेले पुरुष आणि त्यांची चहाची किटली.

एकटी लेम्तूना, माझ्या मयत बहिणीची मुलगी, हलली नाही.

"मावशी, नवरा तापानं फणफणलाय. मी तंबू उतरवणार नाही."

"सगळ्या आल्यात, लेम्तूना."

"सगळ्यांचे नवरे धडधाकट आहेत."

तिला तिथेच सोडून मी मळ्याकडे निघाले.

संध्याकाळी सिदी घोंगडी घेऊन तिच्याच दाराशी गेला. ती म्हणाली, "मामा, हा तंबू आजाऱ्यासाठी ठेवलाय, तुमच्यासाठी नाही. चहा घ्या. बाहेर बसून."

त्याने चहा घेतला आणि मन मोकळे केले. सकाळी ती माझ्यासमोर उभी. "मावशी, मळा विकायचा नाही हे खरं. पण मामाही खोटं बोलत नाहीत. मळ्याच्या कोठीतला सगळा खजूर दक्षिणेला जाणाऱ्या तांड्याबरोबर पाठवू, बदल्यात बाजरी आणू. आणि ती सगळ्या वस्तीला द्यायची, नुसत्या लेकींच्या घरांना नाही."

"असं आजवर कोणी केलं नाही."

"आजवर असा दुष्काळही पडला नाही."

मी कोठी उघडली. सिदी स्वतः व्यापाऱ्याकडे जाऊन शब्द मागे घेऊन आला. भर लोकांत मान खाली घालणे मुखियाला सोपे नसते. त्याचा मान मी त्या दिवसापासून जास्त ठेवते. त्याला ठाऊक नसेल तर आता कळेल. जनावरे बरीच गेली. माणसे जगली.

सबब माझ्यामागे मळा लेम्तूनाने सांभाळावा आणि घराण्याने तिचे ऐकावे. तिचेही केस आता पिकले आहेत.

मेन्नाता, तू माझ्या पोटची. माझा शब्द तू कधी मोडला नाहीस, म्हणून तू माझी लाडकी. लेम्तूना मोडते, म्हणून मळा तिच्याकडे. रुसायचे असेल तर आत्ताच रुसून घे, समजूत काढायला मी अजून आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे. खाली माझे नाव मी स्वतः, आईने वाळूत गिरवायला शिकवलेल्या तिफिनाघ अक्षरांत, लिहिले आहे.

रायशा

तिमिया, बुधवार, १२ मोहरम १४४४

लिहिणार व साक्षीदार: मौलवी अल्हसन

साक्षीदार: सिदी, अघालीचा मुलगा

(साक्षीदार सिदी सही करताना रडले. ते लिहू नका असे ते म्हणाले. लिहा, असे बाई म्हणाल्या.)