अण्णांचं विमान

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस, दादाचे अ. उ. आ.

पत्र बघून हसशील. पण फोनवर बोलायला लागलो की अण्णा पलीकडच्या खोलीत रेडिओ बंद करून कान देतात, म्हणून हा खटाटोप.

खोकला आहे तसाच आहे. तुझी वहिनी आणि मी पाळीपाळीने उठतो आणि सकाळी एकमेकांवर खेकसतो. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की तरुणपणी काम काय करत होता, नाकातोंडात काय जायचं, पीठ, सिमेंट, काही रसायन? अण्णांनी ताठ मानेने सांगितलं की विमानखात्यात होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सारवासारव केली की ते फार जुनं, आम्ही शाळेत असताना सुटलं, पुढे सगळी वर्षं कागदाच्या दुकानात गेली. अण्णा सिगारेट ओढत नाहीत यावर बाईंचा अजून विश्वास नाही. खरं सांगायचं तर माझाही परवापरवापर्यंत नव्हता.

आता मुद्दा. तुमच्या संग्रहालयातल्या निळ्या विमानाचा फोटो पेपरात आला होता. अण्णांनी तो चष्मा पुसून पुसून पाहिला आणि म्हणाले, हे माझं. तू तिथेच डागडुजीला आहेस. ते विमान पूर्वी कुठे, कोणत्या कामाला होतं, तेवढं बघ. बाईंना सांगायला काहीतरी हाती लागेल.

बाकी लोभ वाढवायची ताकद सध्या कुणाकडेच नाही. आहे तेवढा राहू दे.

तुझा दादा

दि. १३ फेब्रुवारी

ती. दादास, ठकूचा सा. न.

पाहिलं. ते विमान टपालाचं. पाटीवर तसंच लिहिलंय आणि अधीक्षकसाहेबही तेच सांगतात. वर्षानुवर्षं समुद्रकाठाने पत्रांच्या थैल्या वाहिल्या त्याने, आपल्या बाजूला कधी फिरकलंसुद्धा नाही. त्याआधीचे कागद मिळत नाहीत, पण साहेब म्हणतात की त्यात काही असेल असं वाटत नाही. अण्णांची गफलत होतेय. त्या काळची सगळी विमानं फोटोत सारखीच दिसतात. त्यांना जरा सांभाळून सांग.

माझं म्हणशील तर दिवसभर पंखांखाली उताणं पडून गंज खरवडते. संध्याकाळी उठताना गुडघे माझ्याआधी कुरकुरतात. वहिनीला सांग, तिची फार आठवण येते, विशेषतः स्वतःच्या हातचं जेवताना.

माया असू द्यावी.

ठकू

दि. २१ फेब्रुवारी

चि. ठकूस, आशीर्वाद.

सांगितलं. अण्णांनी पेपरातलं कात्रण उशाखालून काढलं आणि फळीवर डब्याखाली घालायला म्हणून तुझ्या वहिनीला दिलं. तेव्हापासून विमानाचा विषय बंद. अख्खी गल्ली त्यांना पायलटसाहेब म्हणते. आपण दोघं वैतागायचो बघ, त्याच त्याच गोष्टींना. आता ते गप्प आहेत तर घर खायला उठतं.

डॉक्टरीणबाई अजून तेच विचारतात. घर, कचेरी, औषधाचं दुकान, एवढंच माझं जग झालंय. तुझ्यावर राग नाही. राग यायलाही जरा विश्रांती लागते.

दादा

दि. १७ मार्च

ती. दादास, सा. न.

हे पत्र आधी एकट्याने वाच.

खालच्या पंखाचा निळा रंग खरवडताना आत पिवळा लागला. टपालाची विमानं पिवळी नव्हती. पुढे पंखाच्या कडेने ओळीत भोकं सापडली, बोट जाईल एवढी, सगळी बुजवलेली. साहेबांना खाली वाकून बघायला लावलं. कारखान्याचा मूळ नंबर सांगाड्यावर कोरलेला असतो. तो धरून शोधत गेले तर विमान आधी फवारणीच्या कंपनीत होतं. आपल्याच बाजूला, दादा. कंपनी केव्हाच बंद पडली, पण ते चालवणारे वैमानिक हयात आहेत, मुलीकडे असतात. रजा टाकून भेटून आले.

कानाला यंत्र लावतात, पण डोकं लख्ख आहे. मी विचारलं की तुमच्याबरोबर विमानात आणखी कोण असायचं. म्हणाले, कोण असणार, बसायला जागाच एक. माझा चेहरा पडला असणार, कारण मग त्यांनी आपणहून सांगितलं. शेताच्या टोकाला एक माणूस उंच काठीला झेंडा लावून उभा असायचा. त्या झेंड्यावर नेम धरून ते खाली यायचे आणि औषध सोडायचे. मग तो पुढच्या पट्ट्याला सरकायचा. विमान डोक्यावर यायच्या आत पळायचं असा नियम होता आणि बहुतेक पळत. एक उंच, किडकिडीत होता तो शेवटपर्यंत हलायचा नाही. तो उभा असला की एकही पट्टा वाकडा जात नसे, म्हणून ते त्यालाच मागून घेत. नाव त्यांना कधीच ठाऊक नव्हतं.

औषधाचं नाव मात्र आठवत होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, ती बाईंना दे. अण्णांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याने होणार नाही.

ठकू

दि. २६ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि औषधं बदलली. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे स्पष्ट सांगितलं. श्वास मात्र थोडा सोपा होईल. कालपासून सलग झोपताहेत. आम्हीही.

अण्णांना मी सगळं सांगितलं. तर म्हणाले की बाप शेतात झेंडा धरून उभा राहतो असं शाळेत सांगितलं असतंत तर पोरांनी तुम्हाला जगू दिलं नसतं. आणि विमानखातं म्हणजे काही खोटं नव्हतं. तुझ्या वहिनीने विचारलं की पळाला का नाहीत. म्हणाले, मी आधी हललो तर पट्टा चुकायचा आणि तेवढ्या पट्ट्यातलं कुणाचं तरी पीक जायचं. एवढंच. मला उठून बाहेर जावं लागलं.

त्यांना ते विमान जवळून बघायचंय. माझी हिशेबतपासणी चालू आहे कचेरीत, सुटका नाही. रविवारी तुझी वहिनी त्यांना घेऊन येईल. जिने चढवू नकोस.

दादा

दि. ३१ मार्च

ती. दादास, सा. न.

दोघं सुखरूप आहेत, उद्या निघतील. वहिनीने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय.

साहेबांनी पाटी बदलायचं कबूल केलं. फवारणीचं लिहिणार आहेत. झेंडेवाल्याचं लिहा म्हटलं तर म्हणाले, जागा बघू. मी आता त्यांच्या मागे लागणार आहे.

तू जिने नको म्हणालास, पण अण्णा ऐकेनात. आधी विमानाभोवती सावकाश एक फेरी मारली, पंखाखाली थांबून वर पाहिलं. मग आत बसायचं म्हणाले. साहेब आणि मी दोन्हीकडून धरून शिडीवर चढवलं. तीनदा दम खाल्ला. त्या एकुलत्या जागेवर बसले, काचेतून समोर बघितलं, मग मान काढून बाजूने खाली बघत राहिले. वहिनी तिथेच उभी होती, तिला जरा लांब जाऊन उभी राहा म्हणाले. ती दाराशी गेली. आणखी लांब म्हणाले. ती पार अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. अण्णांनी डोळे बारीक करून पाहिलं.

मग मला म्हणाले की इथून झेंडा दिसत असेल. माणूस दिसत नसणार.

आवाजात राग नव्हता. पुन्हा एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, चला, उतरवा मला.

माया आहेच, ती असू द्यावी.

ठकू