माझी इम्युनिटी एकदम झकास

५ जानेवारी, रविवार
सोसायटीची कॅरम फायनल हरलो. संध्याकाळी बोर्डावर दोन राण्या दिसायला लागल्या. त्यातली एक बरोबर नेम धरून मारली, ती नेमकी नसलेली निघाली. जोडीदार नितेश म्हणाला, काका, डावी पापणी पडलीये, डोळा कोणाला मारताय? मोबाईलचा परिणाम. उद्यापासून मोबाईल बंद.

९ जानेवारी, सकाळी
मोबाईल बंद ठेवता येत नाही, ऑफिस आहे. पण पापणी वर! बरा झालो असं बायकोला, प्रेमाला सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळी सांगा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पापणी खाली. प्रेमाने नुसता आरसा आणून समोर धरला. हे जास्त लागतं.

१९ जानेवारी
मटण. चार घास झकास, मग जबडा चालेना. हनुवटीला हात लावून चावलं. मुलुंडात चांगला खाटीक राहिला नाही. श्रुतिका म्हणते, बाबा, काल पाव पण असाच खात होता, डॉक्टरकडे चला. पोरगी बीएस्सीला गेल्यापासून घरात डॉक्टर-डॉक्टर चालू आहे. माझं निदान पक्कं: इम्युनिटी कमी झालीये. रोज गुळवेलीचा काढा, शिवाय जिम.

२ फेब्रुवारी
जिम. पहिला सेट बघून ट्रेनर खूश. तिसऱ्याला हात वर जाईनात, डंबेल त्यानेच काढून घेतलं. घरी शर्ट प्रेमाने उतरवला. काढा डबल.

७ फेब्रुवारी
शेवटी मायलेकींनी घाटकोपरला न्यूरोच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली. जरा वेळाने पापणी वर! एवढा सोपा इलाज, आणि रक्त उगाच काढलं. घरी येऊन फ्रीजमधले सगळे ट्रे भरले. बाई म्हणाल्या होत्या की ही नुसती तपासणी आहे, इलाज नाही. असं सगळेच म्हणतात.

१५ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. बाईंनी नीट समजावलं. नस स्नायूला निरोप धाडते, तो घ्यायला स्नायूवर रिसेप्टर असतात. माझ्याच रक्तातल्या अँटीबॉडी त्यांना चिकटतात. काहींचं तोंड बंद करतात. काहींच्या जोड्या बांधून त्यांना पेशीच्या आत खेचतात, तिथे ते विरघळतात. वर रक्तातली आणखी प्रथिनं बोलावून स्नायूचा तो भागच मोडतात. नवे रिसेप्टर बनतात, पण मोडणाऱ्यांचा स्पीड जास्त. नस बिचारी हाका मारत राहते, ऐकायला कोणी उरत नाही.
मी विचारलं, काढा वाढवू का? बाई म्हणाल्या, सहदेवराव, इम्युनिटीच तुमच्यावर उलटलीये, तिला आणखी चारा कशाला घालताय?
म्हणजे इम्युनिटी कमी नाही, जोरात आहे! नितेशला लगेच फोन केला. प्रेमा बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली.

२ मार्च
गोळ्या लागू पडल्या. पापणी वर, राणी एकच. एवढं बरं वाटतंय तर त्यांच्यासोबत बाईंनी दिलेलं स्टेरॉइड कशाला? तोंड पुरणपोळीसारखं सुजतं. कालपासून बंद केलंय. घरी बोललो नाही, उगाच टेन्शन घेतात.

९ मार्च
सर्दी. आवाज नाकातून येतोय, पाणीही नाकातून येतं. आडवं पडलं की श्वास पुरत नाही. पंख्याला ऑइल पाहिजे. उद्या इलेक्ट्रिशियन.

२३ मार्च, हॉस्पिटल
इलेक्ट्रिशियन राहिला. दहा तारखेला पहाटे श्रुतिकाने अँब्युलन्स बोलावली म्हणे. घशात नळी, मशीनचा श्वास. रक्तातल्या अँटीबॉडी मशीनने गाळून काढल्या. स्टेरॉइड परत सुरू. सगळं ऐकू येत होतं, एक बोट हलवता येत नव्हतं. त्यात कसलाच प्लॅन सुचला नाही.
आज नळी निघून चौथा दिवस. अक्षर वाकडं येतंय. प्रेमा खिमट भरवत होती. तिचा हात धरला आणि सगळा दम गोळा करून म्हटलं, भीती वाटते. आवाज सगळा नाकातून गेला.
ती वाकून म्हणाली, मीठ? मीठ नाही हो घालायचं, स्टेरॉइड चालू आहे ना.
परत म्हणायला ताकद उरली नव्हती. मान हलवली. तिने पुढचा घास धरला.