दोन रेघा आणि एक टिंब

मोहबोडी, आरमोरीजवळ
९ सप्टेंबर १९५५

चि. भागीरथा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकायला गेलेल्या पोरीने आधी बापाचीच उलटतपासणी घ्यावी, हे ऐकून तुझी आई पोट धरून हसली. तुमच्या नीलाबाईंनी शिकवलेले ते तीन प्रश्न, कोणी सांगितले, केव्हा सांगितले, तो तिथे हजर होता काय, तिने पाठच केले आहेत. दूध नासले तरी मला तेच विचारते.

आता कामाचे. पाऊस रुसला आहे आणि धान पोटरीवर आले आहे. तलावाचे पहिले पाणी आपल्याला की टोल्याच्या वस्तीतल्या गोंडांना, यावरून त्यांच्यातल्या सुकलूने सरकारात अर्ज केला. त्याचे म्हणणे, तलावाची मातीची पाळ त्याचा आजा वारलू याने टोल्यातली माणसे घेऊन बांधली. बांधणाऱ्याचे पाणी पहिले. आपली मालगुजारी गेली म्हणून याले जोर आला, असे तुझा भाऊ मुखरू म्हणतो. तो हल्ली फार तापतो.

तलाव तुझ्या आजोबांनी, सोमाजींनी, बांधला हे जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताच्या पुस्तकात इंग्रज साहेबाने छापले आहे. त्या पानाची शिक्क्यासह नक्कल पाठव. एक ऑक्टोबरला चौकशी आहे. आपले वीस एकर धान त्या एका पानावर उभे आहे, हे ध्यानात ठेव.

शेवटी नेहमीच्या दोन रेघा आणि टिंब ओढतो, म्हणजे मजकूर संपला. मुखरूला त्याखाली काही खरडता यायचे नाही.

तुझा बाबा

=====
.

नागपूर
१५ सप्टेंबर १९५५

ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पान सापडलं. आजोबांचं नाव छापलेलं पाहून ऊर भरून आला, आणि मी ते नीलाबाईंना दाखवायला पळत गेले. त्यांनी माझं कौतुक केलं नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलंय की ही माहिती मालगुजाराच्या जबानीवरून घेतली.

बाबा, लहानपणापासून तुम्ही आम्हांला सांगता की तलाव आजोबांनी बांधला, कारण साहेबानं तसं लिहिलं. आणि साहेबानं लिहिलं, कारण आजोबांनी तसं सांगितलं! आम्हांला वाटत होतं दोन साक्षीदार आहेत. माणूस एकच निघाला.

रागावू नका. आजोबा खोटं बोलले असं मी म्हणत नाही. मूळ जबानी सरकारच्या जुन्या दप्तरात असेल, ती पाहायला नीलाबाईंनी चिठ्ठी दिली आहे. ती पाहते आणि मगच नक्कल पाठवते. आईला म्हणावं, डिंकाचे लाडू खोलीतल्या पोरींनी दोन दिवसांत फस्त केले.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची भागीरथा

नागपूर
२१ सप्टेंबर १९५५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन कागद आहेत. एक छापील पानाची शिक्क्याची नक्कल, तुम्ही मागितलेली. दुसरी मूळ जबानीची, मी हातानं उतरवलेली, तिच्यावरही तिथल्या कारकुनाची सही घेतली आहे.

जबानी १९०७ सालची आहे. खाली आजोबांचा अंगठा. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणजे लिहून देणारा दुसराच कोणीतरी होता. मधे एक ओळ खोडली आहे, पण कागद उजेडात धरला की वाचता येते: 'पाळ वारलू व टोल्यातील माणसांनी दोन उन्हाळे खपून बांधली.' तिच्या वर लिहिलंय, 'आमचे घराण्याने बांधली.' आणि मजकूर संपल्यावर दोन रेघा, खाली एक टिंब.

बाबा, मी कागद तसाच मांडीवर घेऊन बसले. अक्षर थोडं कोवळं आहे, पण त्या रेघा मी ओळखणार नाही का? पहिलीत असताना तुम्ही माझ्या पाटीवर ओढायचात. मला तुमचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. वीस एकरांचं काय होईल, मुखरूदादा काय म्हणेल, मला सगळं कळतं. फक्त छापील पान पाठवायचं, असं ठरवून मी दोनदा पाकीट बंद केलं आणि दोनदा फोडलं. मला जमलं नाही. चौकशीत काय दाखवायचं ते आता तुमच्या हातात आहे. तीन प्रश्न या वेळी मी विचारत नाही.

कसंही झालं तरी मला आपली म्हणा.

तुमची भागीरथा

मोहबोडी
३ ऑक्टोबर १९५५

चि. भागीरथा हिस आशीर्वाद.

तू विचारले नाहीस, तरी उत्तरे देतो. जबानी लिहिली मी. तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, चौथी पास. पाळीची हकीकत मला वारलूने सांगितली होती, स्वतः माती वाहिलेल्या माणसाने. ती मी जशीच्या तशी लिहिली. वडिलांनी वाचून दाखवायला लावले आणि ती ओळ खोड म्हणाले. मी खोडली. इतकी बारीक रेघ ओढली की खालचे वाचता यावे. तेवढीच माझी हिंमत.

परवा चौकशीच्या साहेबापुढे दोन्ही कागद ठेवले आणि हे सगळे सांगितले. निकाल लागेपर्यंत यंदाचे पहिले पाणी टोल्याला दिले आहे. आपल्या खालच्या बांध्यांतले धान पिवळे पडू लागले. मुखरू माझ्याशी बोलत नाही, जेवायला बसलो की उठून जातो. तुझी आई दोघांना वेगवेगळे वाढते.

सुकलू हात जोडेल असे मला वाटले होते, खोटे कशाला सांगू. त्याने हात जोडले नाहीत. सगळ्यांसमोर त्याने एवढेच विचारले, की भाऊ, तुमाले ठाऊक होतं, त माहा बाप तुमच्या दारात पाणी मांगत उभा राहे तवा तुमी काऊन नाई बोलले?

तुमच्या नीलाबाईंच्या तीन प्रश्नांत हा नव्हता. त्याचा बाप, इतवारी, सात वर्षांपूर्वी गेला. दर दुष्काळी साली तो आपल्या दारात आलेला मी पाहिला आहे.

घरी आल्यापासून उत्तर शोधतो आहे. तू आपलीच आहेस, अभ्यास सोडू नकोस.

या पत्राखाली रेघा ओढत नाही. मजकूर संपलेला नाही.

तुझा बाबा