राणी हेमांबेने दार उघडले त्याची हकीकत

॥ श्री ॥
कारापूर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. गौरवी हिला शिवदासमामाचे घरात मावणार नाहीत इतके आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. तुझी मामी गुडघ्यांची तक्रार पूर्वीच्याच उत्साहाने करते, आणि फणस यंदा शेजाऱ्यांना वाटूनही उरल्यामुळे शेजारी आम्हाला चुकवू लागले आहेत. तुझी प्रकृती कशी आहे? (गेल्या गणेशचवथीलाही तू आली नाहीस, म्हणजे काम भरपूर आणि झोप कमी, असे गृहीत धरून विचारतो.)

पत्रास कारण तुझी 'मेघदुर्ग' मालिका. भाची मालिका लिहिते हे मी साखळीच्या शाळेत संस्कृत शिकवताना दर वर्गाला सांगून बसलो आहे, त्यामुळे जबाबदारीही माझ्याच गळ्यात आली. गेल्या भागात तुझ्या राणी हेमांबेने किल्ल्याचे दार शत्रूला उघडून दिले, आत तिचा पोटचा मुलगा अरिंजय लढत असताना. का, ते तू सांगितले नाहीस. तुझी मगर आकाशात उडते आणि नाकातून वीज काढते, यावर आपल्याकडे कोणाचीही हरकत नाही. मगर आहे, उडत असेल. पण आईने दार उघडले हे कोणाला पटेना. सकाळी पोदेर पाव मोजून देताना सायकल उभी करून विचारतो, "मास्तर, राणयेन दार कित्याक उघडलें?" मी त्याला सांगितले की प्रयोजनावाचून मूर्खसुद्धा जागचा हलत नाही, तेव्हा राणीचेही काहीतरी असणार. तो म्हणाला, "म्हणजे तुमकांय खबर ना." (संस्कृताची इतकी नेमकी परीक्षा विद्यापीठातही झाली नव्हती.)

मी निभावून नेले, पण पेडण्यात तुझ्या आईचे कठीण झाले. देवकी कशी आहे तुला ठाऊक आहे. तुझे नाव पडद्यावर येते तेव्हा ती फोन देवापुढे धरते. तिला देवळात फुले ओवताना बायका ऐकवू लागल्या, "देवकी, तुझ्या चेडवान आवशीकच वैरी केल्यान गो." लेकीने आईलाच शत्रू ठरवले, हे रोज ऐकून तिने फुले ओवायला जाणे बंद केले. लेकीच्या गोष्टीपायी तिने मान खाली घालावी, हे मला सहन होईना. मी देवळाच्या वर्धापनदिनाला पेडण्यास गेलो, औचित्यविचारावर चांगले तासाभराचे विवेचन तयार करून.

ते कोणी ऐकले नाही, कारण दशावतारी मंडळाने त्या दुपारी तुझेच आख्यान लावले होते. आपल्या दशावताराला लिहिलेले संवाद नसतात हे तुला सांगायला नको. रंग लावताना कथा ठरते, पुढचे ज्याचे त्याने तोंडाने निभवायचे. राणीच्या वेषात भिकाजी, तोच खाणीवर ट्रक चालवणारा. वाड्यावरचा तुझा सर्वांत मोठा टीकाकारही तोच. धाकू शत्रू कालकेतू झाला. बाकडे म्हणजे दुर्ग, त्यावर राजपुत्र अरिंजयाच्या वेषात अक्षय, आणि बाकड्यापुढे हात पसरून उभा भिकाजी म्हणजे दरवाजा.

धाकूने दार मागितले. भिकाजी म्हणाला, "उघडूचंय नाय. आवस असा करणा नाय." टाळ्या. धाकूने अर्धे राज्य देऊ केले, मग सगळे, मग (नाइलाजाने) मगरही. भिकाजी ढिम्म. कथा पुढे जायची तर दार उघडायला हवे, आणि कथेपेक्षा भिकाजीला तत्त्व मोठे. शेवटी धाकू मुकुट सावरत म्हणाला, "मगे मी करू काय? घराक जाव?" भिकाजी म्हणाला, "जा मां." पेटीवाल्याने तोच सूर इतका वेळ धरला की भात्याची दया आली. पुजारी आरतीच्या ताटासह दारात येऊन उभा राहिला. मी विवेचनाचे कागद खिशातून काढले.

तेवढ्यात बायकांत बसलेली तुझी आई उभी राहिली. (सभेत ती पूर्वी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. माझ्या लग्नात नाव घ्यायलाही ती लपली होती.) ती भिकाजीला म्हणाली, "बाये, उघड तू. हरललो झील घराक येता. जिकललो खंय येता?"

हरलेला मुलगा घरी येतो, जिंकलेला कुठला यायला, एवढेच तिचे म्हणणे. भिकाजीने वळून बाकड्यावरच्या अक्षयकडे पाहिले. मग हात खाली घेतले आणि बाजूला झाला. धाकू आत शिरला तेव्हा भिकाजीच्या डोळ्यांतून काजळ ओघळत होते आणि ते नाटकातले नव्हते. बायकांनी देवकीला हात धरून खाली बसवले, आणि फुलांच्या परडीजवळची तिची जागा तेव्हाच मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात भिकाजी हेमांबेचे मन लोकांना उलगडून सांगत होता, जणू त्यानेच ती लिहिली. मी आडवा गेलो नाही. मी मात्र दोघींचा अभिमान धरून कारापूरला परतलो. जे तू न सांगता लिहिलेस ते तुझ्या आईने न शिकता वाचले. मधल्या मध्ये मी एकटाच पदवीधर.

तुझा,
शिवदासमामा

ता. क. : भिकाजी विचारतो, पुढे हेमांबेला मारणार आहेस का? त्याने नऊवारी नवी घेतली आहे. निदान ती एकदा धुवेपर्यंत तिला जगव.

आणखी ता. क. : मी पत्र लिहितो म्हटल्यावर देवकीने बजावले, "तिका बोलव नको. तिचा बरा चल्ला हा." तेव्हा तिच्या वतीने मी तुला बोलावीत नाही. माझ्या वतीने सांगतो : या चवथीला ये. हरून यायची अट नाही.