कागदोपत्री मुक्काम स्पॉल्डिंग

आल्बोक्स, आल्मेरिया, स्पेन
९ फेब्रुवारी २०२१

प्रिय रोलंड,

अ. उ. आ. (मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, तेव्हा हा हक्क मी सोडणार नाही.)

तुझा नाताळचा केक पोहोचला नाही, पण त्याच्याबद्दलचं पत्र पोहोचलं. कस्टमवाले कळवतात, की आता तुमचा देश युरोपबाहेरचा असल्यामुळे केकमध्ये काय काय घातलं आहे ते लिहून द्यावं. लोणी असल्यास केक नष्ट करण्यात येईल. मी खरं ते लिहून दिलं. तेव्हा केक गेला असं समज. पाच वर्षांपूर्वी ब्रेक्झिटच्या मतदानात तू ज्या चौकोनात फुली मारलीस त्यात लोण्याचा उल्लेख नव्हता, हे मला मान्य आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या राहण्याच्या कार्डाचा अर्ज नाकारला गेला.

क्लिफर्डचा स्वभाव तुला ठाऊक आहे. सोळा वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो तेव्हा नगरपालिकेत नाव नोंदवा असं आम्हाला सांगितलं होतं. क्लिफर्डचं म्हणणं असं, की इंग्रज माणूस खिशात ओळखपत्र घेऊन फिरत नाही. आपण कोण हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने सभ्यपणे विचारावं. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या आमच्या बोल्स क्लबातल्या सगळ्या इंग्रजांनी माना डोलावल्या. पुढे सोळा वर्षं कुणीही विचारलं नाही. पेन्शन, बँक, डॉक्टर, गाडीचा परवाना, सगळीकडे त्याने तुझा पत्ता दिला, कारण कागद आपल्या देशात असलेले बरे. आता नवरा वारला आणि त्याचं तत्त्व तेवढं माझ्याकडे राहिलं. कागदोपत्री मी सोळा वर्षं स्पॉल्डिंगला तुझ्या मागच्या खोलीत राहते आहे.

माझी कागदपत्रं करून देणारी रेमेदिओस चांगली बाई आहे, पण माझ्याकडे आजारी जनावराकडे बघावं तशी बघते. घराचं खरेदीखत दिलं, तर कचेरीने कळवलं की त्यावरून घर इथे आहे एवढंच सिद्ध होतं, बाई इथे आहेत हे नाही. विजेचं बिल क्लिफर्डच्या नावावर आहे आणि त्याला जाऊन तीन वर्षं होतील. म्हणजे विजेच्या दृष्टीने या घरात एक मयत गृहस्थ राहतात आणि रोज रात्री टीव्ही बघतात.

३१ मार्चपर्यंत पुन्हा दाद मागता येते. तेव्हाही जमलं नाही तर मी इथे पाहुणी ठरेन. दर सहा महिन्यांत नव्वद दिवस राहायचं आणि उरलेले दिवस देशाबाहेर काढायचे. स्वतःच्या घरात, रोलंड!

मग मला आठवलं. इथे आल्यापासून दर महिन्याला मी तुला पत्र लिहिलं आहे आणि प्रत्येक पाकिटावर इथल्या पोस्टाचा तारखेसकट शिक्का आहे. हे ऐकून रेमेदिओस पहिल्यांदाच खुर्चीतून उठली. सगळी पाकिटं पाठवून दे. तू काही फेकत नाहीस हे मी जाणते. तुझ्या गॅरेजमध्ये आपल्या वडिलांच्या काळातला रंग आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, पाकिटांचं बघ.

तुझी,
डोरीन

०

स्पॉल्डिंग, लिंकनशर
२१ फेब्रुवारी २०२१

प्रिय डोरीन,

सा. न. वि. वि. (साष्टांग लेखी आहे, गुडघे परवानगी देत नाहीत.)

पत्र मिळालं. इकडे पाऊस आहे. साथीमुळे चॅपल बंदच आहे आणि रविवारची प्रार्थना फोनवर होते. पाद्रीबुवांना फोन धरता येत नसल्याने आम्ही सहा आठवडे त्यांचं कपाळ बघतो आहोत. समोरच्या शेतातला कोबी जागेवर सडतो आहे, कारण तोडणारी माणसं बल्गेरियाला परत गेली. वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. मी कुणाला दोष देत नाही.

केकचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी लोण्याशिवाय करीन, म्हणजे त्यांना तो नष्ट करावा लागणार नाही, आपोआपच होईल.

पाकिटांची मात्र पंचाईत आहे. चॅपलमध्ये आम्ही वापरलेली तिकिटं जमा करून विकतो, आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणासाठी. माझी मार्जरी होती तेव्हापासून चालू आहे. पत्र आलं की कात्री घ्यायची, तिकिटाचा कोपरा कापायचा आणि डब्यात टाकायचा. शिक्का तिकिटावरच पडतो, त्यामुळे तोही गेला. तुझ्या सोळा वर्षांतून एखादं कुत्रं नक्की शिकून तयार झालं असेल, तेवढंच समाधान मान.

आता तू रागावणार नसलीस तर एक सुचवतो. मागची खोली मी जानेवारीत रंगवून घेतली. फिका पिवळा. गादी नवी आहे. डॉक्टरांकडे तुझं नाव आहेच, मतदारयादीतही मी ते दर वर्षी राहू दिलं आहे. म्हणजे तुला इथे नव्याने काहीच करावं लागणार नाही. तुझे सगळे कागद इथेच राहतात. तू येऊन त्यांना सामील व्हायचं, एवढंच.

उत्तराची घाई नाही, पण लोभ सुकू देऊ नये.

तुझा,
रोलंड

०

आल्बोक्स
४ मार्च २०२१

प्रिय रोलंड,

अ. आ. (उत्तम वगळले आहेत.)

तुझं पत्र रेमेदिओसला समजावून सांगितलं. कुत्र्यांचा भाग तिला दोनदा सांगावा लागला. मग ती म्हणाली, की इंग्रजांचं साम्राज्य कसं गेलं असेल हे तिला आज थोडं समजलं.

शेजारचे स्पॅनिश लोक माझ्यासाठी सही करायला तयार आहेत, पण कचेरीला सह्या नकोत, तारखेचा कागद हवा. बोल्स क्लबातले पेटिफर नवराबायको परवा इंग्लंडात, हल गावी परत गेले. त्यांचंही माझ्यासारखंच झालं होतं. दोघांनी निरोपाला शेरी दिली आणि तिकडे बसची सोय चांगली आहे असं चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी बायको रडली.

तुला वाटत असेल, ही उन्हासाठी अडून बसली आहे. ऊन मला आवडतही नाही, मे ते सप्टेंबर मी पडदे ओढून असते. सकाळी मी पावाच्या दुकानात शिरते. इथे रांग लावत नाहीत. आत गेल्यावर शेवटचं कोण आहे असं विचारायचं आणि ज्याने हात वर केला त्याच्यानंतर आपण. पहिलं वर्षभर मला हा शुद्ध गोंधळ वाटायचा. आता मी विचारते, कुणीतरी हात वर करतं, मग पुढचा माणूस येतो आणि मी हात वर करते. क्लिफर्ड गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी गेले होते. त्या दिवशी सगळे जण शेवटचे झाले आणि मी पहिली. त्याची रक्षा इथल्या दफनभूमीच्या भिंतीत, वरून दुसऱ्या कोनाड्यात आहे. त्याला मी नव्वद दिवसांच्या हिशोबाने भेटायचं का?

मला भीती वाटते आहे, रोलंड. बहात्तर वर्षांत हे वाक्य मी तुला पहिल्यांदा लिहिते आहे, तेव्हा नीट वाच.

आणि एक शंका. सगळीच्या सगळी कापलीस? २००९ साली तू शिडीवरून पडलास आणि उजवा हात दोन महिने प्लॅस्टरमध्ये होता. तुला पाव कापता येत नव्हता म्हणून मार्जरी मला फोनवर तक्रार करायची. तेव्हा कात्री कोण चालवत होतं?

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

डोरीन

०

स्पॉल्डिंग
११ मार्च २०२१

प्रिय डोरीन,

नमस्कार लिहायला तोंड नाही.

पाकिटं आहेत. एकही कापलेलं नाही. गॅसवाल्यांची कापली, मार्जरीच्या बहिणीची कापली, कॅनडाहून येणारी सुंदर तिकिटं कापली. तुझी कधी कापली नाहीत. का ते विचारू नकोस, नाहीतर विचार, मी सांगतोच आहे.

तुझी पत्रं दर महिन्याला एक येतात. पण तुझ्या नावाची पत्रं आठवड्याला दोन येतात. बँक, पेन्शन, डोळेतपासणी. ती मी टेबलावर तुझ्या बाजूला ठेवतो. मार्जरी गेल्यापासून त्या बाजूला दुसरं काही नसतं. मागच्या हिवाळ्यात दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला, डोरीनबाई लस घ्यायला का आल्या नाहीत म्हणून. मी सांगितलं, की ती जरा बाजारात गेली आहे, आली की पाठवतो. फोन ठेवला आणि, तुला सांगतो, मी दोन कप चहा केला.

मतदानाचंही आता सांगून टाकतो. मासेमारी, कायदे, आपलं राज्य आपल्या हाती, हे सगळं मी चॅपलबाहेर बोललो आणि त्यातलं निम्मं मला पटतही होतं. पण पडद्यामागे पेन्सिल हातात घेतली तेव्हा मनात एवढंच आलं, की दारं बंद होणार म्हटल्यावर माणसं घरी परततात. तुझं घर कोणत्या बाजूला आहे, हा विचार मी केला नाही. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला. तू अडचणीत होतीस आणि मला आनंद झाला. इतकंच नव्हे, ईस्टरला बहीण येते आहे असं मी दुकानात सांगूनही टाकलं.

मग तुझं भीतीचं वाक्य वाचलं. नीट वाचलं.

सगळी पाकिटं आज पाठवली. खिडकीवरच्या बाईने विचारलं, भेट आहे की विक्रीचा माल. मी सांगितलं की दोन्ही नाही, ज्याची वस्तू त्याला परत करतो आहे. फॉर्मवर तसा चौकोन नव्हता. तिने भेट या शब्दापुढे खूण केली. लोणी नाही हे मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

लोभाची अपेक्षा करण्याच्या स्थितीत नाही.

रोलंड

०

आल्बोक्स
२५ मार्च २०२१

रोलंड,

पाकिटं मिळाली. कस्टमने एकही नष्ट केलं नाही. रेमेदिओसने तारखेप्रमाणे लावली. २०१३चा मे महिना नाही. तेव्हा मी तुझ्याकडेच होते. उद्या कचेरीत दाखल करू.

बाकी नंतर.

डोरीन

०

आल्बोक्स
२४ जून २०२१

प्रिय रोलंड,

अ. उ. आ.

तीन महिने लिहिलं नाही ते मुद्दाम. सोळा वर्षांत प्रथमच पत्र चुकवलं आणि आधी बरं वाटलं, पण दुसऱ्या महिन्यापासून सवय आडवी येऊ लागली. तरी नेटाने टिकले.

कार्ड मिळालं. दहा वर्षांचं आहे. पाकिटं बघून कचेरीतल्या माणसाने रेमेदिओसला विचारलं म्हणे, की इतकी वर्षं ही बाई दर महिन्याला लिहीत तरी काय होती. तिने सांगितलं, हवामान. कार्डावरच्या फोटोत मी नुकतीच पकडली गेल्यासारखी दिसते. क्लिफर्डच्या कोनाड्यासमोर उभी राहून मी ते त्याला दाखवलं आणि सांगितलं, की आता तुझी बायको खिशात ओळखपत्र घेऊन फिरते. तो काही बोलला नाही, पण तो जिवंतपणीही चूक कबूल करत नसे.

मी तुझ्यावर रागावले आहे. हे तुला समजावं म्हणून साध्या शब्दांत लिहिते. तू मला माझ्या घरातून उठवायला निघाला होतास, आणि तेही माझ्यावरच्या मायेने, हे तर जास्त वाईट. शत्रू असतास तर मी वकील केला असता. तुझ्या दोन कप चहाचं वाचून मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. एप्रिल असा गेला.

मग मे महिन्यात ठरवलं, की तू ऑक्टोबरात इकडे ये. गुडघ्यांना इथली हवा मानवेल. रेमेदिओसला सांगितलं तर ती म्हणाली की असं नुसतं येता येत नाही. तू आता परका. तुला माझ्याकडे उतरायचं असेल तर मी पोलीस चौकीत जाऊन निमंत्रणाचा रीतसर कागद करून घ्यायचा, आणि विमानतळावर तो तू दाखवायचा.

काल गेले होते. तरुण अंमलदार होता, त्याने एकेक रकाना वाचला. पाहुण्याचं नाव, नातं, झोपायची जागा, किती दिवस. सगळं भरून झाल्यावर पेन खाली ठेवून त्याने विचारलं, की हा माणूस भरवशाचा आहे ना, तुम्ही त्याची हमी घेता ना. मी इतका वेळ गप्प राहिले, की माझं स्पॅनिश कच्चं असावं असं वाटून त्याने तेच पुन्हा मोठ्याने आणि सावकाश विचारलं. माझ्यामागे माणसं खोळंबली होती. रेमेदिओसने मला कोपराने ढोसलं. प्रश्न मला पहिल्या वेळीच समजला होता. तू पाकिटं दडवलीस आणि तूच ती पाठवलीस. यातला माझा भाऊ कोणता, एवढंच मी ठरवत होते.

मग हो म्हटलं आणि सही केली.

कागद सोबत आहे. घडी घालू नकोस. सहीला जागावं, ही विनंती.

तुझी,
डोरीन