प्रत्ययांची फळी

कोल्हापूर

चि. ज्ञानदेव यास (‘ज्ञानू’ हा अपभ्रंश मला मान्य नाही) थोरल्या बंधूचे आशीर्वाद. सौ. तानाबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. माझा रक्तदाब नियमित आहे. तुझ्या मागील संदेशातील ऱ्हस्व-दीर्घ मात्र अनियमित आढळले.

पत्रास कारण माझी नात स्वप्नाली. बँकेतून आल्यावर ती घरी गिटार वाजवते, आणि त्या आवाजाला रंग देणारी यंत्रे तिला घ्यावयाची आहेत. ती दोन प्रकारे मिळतात : लोखंडी सांगाड्यात एकावर एक रचलेली, म्हणजे रॅक, किंवा जमिनीवरच्या फळीवर मांडलेली, पायाने दाबावयाची पेडले. (पेडल नपुंसकलिंगी. स्वप्नाली ‘तो पेडल’ म्हणते. मी रोज दुरुस्त करतो.) रॅक आला तर त्याला घरात जागा एकच, माझ्या शब्दकोशांच्या कपाटाची. याचा माझ्या मतावर परिणाम झालेला नाही.

राजारामपुरीतील काशिफ या वादकाला आपला रॅक विकावयाचा आहे, म्हणून आम्ही तो पाहण्यास गेलो. त्याचे दिवे उजळले तेव्हा वाडीच्या दत्तमंदिराच्या घाटावर दीपोत्सवास उभा असल्याप्रमाणे माझे हात आपोआप जुळले. त्याने एकच तार छेडली आणि सूर छातीत शिरला. “आजोबा, असला आवाज फळीवर न्हाय गावायचा,” तो म्हणाला. “रविवारी टेंपोत घालून आणून देतो की.” कपाट गेले, असे मी मनाशी धरले.

मग घरी स्वप्नालीने मैत्रिणीची दोन पेडले जोडून दाखविली. एक सुराला खरखरीत करते, दुसरे प्रतिध्वनी देते. आधी खरखर, मग प्रतिध्वनी, तर सूर डोंगराला टेकून स्वच्छ परततो. क्रम उलटला की नुसता चिखल. ज्ञानदेव, मी खाली बसलो. हे तर प्रत्यय आहेत. ‘घर’ या शब्दास आधी ‘त’, मग ‘ला’ जोडला की ‘घरातला’ होतो. उलटून ‘घरालात’ म्हणून पाहा. जे मी जन्मभर खडूने समजावीत आलो, ते ही मुलगी अंगठ्याने करते. रॅकमध्येही क्रम असतो म्हणे, परंतु तो पाठीमागच्या तारांत दडलेला. सामासिक शब्दासारखा, विग्रह केल्यावाचून न कळणारा. (प्रतिध्वनीचे पेडल मनुष्यवाणीवरही चालते. तपशील येथे अप्रस्तुत.)

तुझ्या रंध्याची धार अशीच राहो.

तुझा दादा,
आकाराम

ता. क. : रविवारच्या टेंपोपूर्वी सागवानी उतरती फळी करून गारगोटीहून पाठव. माप : माझे दोन शब्दकोश आडवे. फळी मिळाली तर घरात वाजविण्यास पेडले पुरेत, असे स्वप्नाली स्वतः म्हणाली. मी फक्त कपाटाजवळ उभा होतो.

ता. क. दुसरा : माइक जोडून मी त्या पेडलात ‘काल वाडीला गेलो होतो’ असे बोललो. त्याने ‘गेलतो, गेलतो, गेलतो’ असे परत केले. मी यंत्रात दोष असल्याचे सांगितले. स्वप्नाली म्हणाली, “आजोबा, तो पेडल खोटं बोलत न्हाय.” मी ‘ते पेडल’ अशी दुरुस्ती केली नाही. फळी एका पेडलापुरती अधिक रुंद ठेव. मला सरावास लागेल.